शिसं, बीड की काँक्रीट? किलोचा भाव बघून कील ठरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दाभोळजवळ घरच्या अंगणात २४ फुटी शिडाची बोट प्लायवूड आणि इपॉक्सीत बांधताय, प्लॅन विकत घेतलेला आहे, त्यात ६०० किलो शिशाची फिन कील, म्हणजे बोटीच्या तळाखाली टांगलेला जड पंख, दाखवलीये आणि शिशाचा भाव ऐकून डोळे पांढरे झाले. मग एकाने सांगितलं बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून घ्या, दुसऱ्याने सांगितलं काँक्रीटमध्ये लोखंडाचं भंगार भरा, काम तेच, वजन म्हणजे वजन. तर यातलं काय करावं?

वजन म्हणजे वजन हे तुमच्या गाडीच्या डिकीत खरं आहे, बोटीखाली नाही. मी वीसेक वर्षं बोटी बांधतोय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बांधलेल्या दुरुस्त करतोय, आणि कीलबद्दल जेवढे वाद ऐकले त्यातले निम्मे लोक किलोचा भाव बोलत असतात. बोटीला किलोशी फारसं देणंघेणं नसतं, ते वजन किती खोल बसलंय आणि किती जागा खातंय एवढंच तिला कळतं.

आधी आपल्याकडचं बघू. कोकणातल्या जुन्या मचव्यांना असली लटकती जड कील नव्हतीच, खाली लाकडाचं पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि पोटात निरम, म्हणजे दगड नाहीतर रेती. माल भरला की निरम काढायचं, माल उतरला की परत भरायचं, फुकटचा कारभार. लहान होडीला तेही नको, बाजूला उलांडी, म्हणजे आधाराचं तरंगतं लाकूड, लावली की झालं. ती पद्धत चुकीची नव्हती, त्या बोटी रुंद होत्या, मालाच्या होत्या, आणि किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या होत्या. तुमची बोट अरुंद आहे, शीड उंच आहे आणि वाऱ्याला तोंड देऊन वर चढायची अपेक्षा आहे, त्यामुळे तिचं निरम पोटात ठेवून भागणार नाही, खाली टांगावं लागणार. पोटातल्या दगडावर भरवसा ठेवून उंच बोट बांधली की काय होतं ते स्वीडनच्या वासा जहाजाने १६२८ साली पहिल्याच फेरीत दाखवलं, पोटात शंभरेक टनांच्या वर दगड होते आणि तरी दीडेक किलोमीटरही न जाता एका झुळकेत आडवं होऊन बुडालं.

आता हिशेब. शिशाची घनता ११.३, म्हणजे एक लिटर शिसं ११.३ किलो. बीड साधारण ७.२. लोखंडाच्या चकत्या आणि सिमेंट कितीही ठासून भरलं तरी ४.५ ते ५ च्या पुढे फारसं जात नाही, मी मधला ४.८ धरतो. नुसतं काँक्रीट २.४. आपल्या घरी येतात ते २० लिटरचे पाण्याचे जार डोळ्यासमोर आणा. ६०० किलो शिसं ५३ लिटरात बसतं, तीन जार पण भरत नाहीत. तेवढंच बीड ८३ लिटर, चार जार भरून थोडं उरतं. चकत्या-सिमेंट १२५ लिटर, सहा जारच्या वर. नुसतं काँक्रीट २५० लिटर, साडेबारा जार, आणि ते सगळं तुम्ही पाण्यातून ओढत नेणार.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे पाणी उचलून धरतं. कील पाण्यात आहे म्हणजे जेवढे लिटर तिची जागा, तेवढे किलो आणि वर थोडं मीठ वजा. शिशाचे ६०० चे पाण्यात ५४६ उरतात, बिडाचे ५१५, चकत्या-सिमेंटचे ४७२, आणि नुसत्या काँक्रीटचे ३४४. म्हणजे जे ६०० किलो तुम्ही घाम गाळून तिथे नेऊन लावले त्यातले अडीचशे किलो समुद्राने परत घेतले.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, खोली. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगवर मी पट्टी लावून बघितली, शिसं सगळं फिनच्या तळाशी आहे, त्याचा गुरुत्वमध्य पाण्याच्या रेषेखाली साधारण १.१० मीटरवर येतो. तेवढंच वजन बिडात करायचं तर ते तळात मावत नाही, वर सरकतं, अख्खी फिन भरते, आणि मध्य येतो ०.९२ वर. सोपं जावं म्हणून पाण्याच्या रेषेपासूनच मोजतोय, खरा हिशेब बोटीच्या तरंगण्याच्या केंद्रापासून होतो पण तुलनेला एवढं पुरतं. बोट ३० अंश कलली की शिसं तिला परत उभी करायला साधारण ३०० किलोग्रॅम-मीटरचा जोर लावतं, बीड २३७ चा. वजन तेच, काम एक पंचमांशाने कमी. प्रत्यक्षात याचा अर्थ काय, तर दुपारचा वारा वाढायला लागला की शिशावाला अजून पूर्ण शिडावर आहे आणि तुम्ही रीफ घ्यायला, म्हणजे शीड आखडायला, उठलात.

मग बीड जास्त घालू, असं तुम्ही म्हणणार. घाला की, पण तेवढाच जोर आणायला ७६० किलो लागेल आणि त्याची जागा १०५ लिटर, शिशाच्या दुप्पट. बोट सेंटिमीटरभर खाली बसेल ते एक वेळ चालेल, पण फिन जाडजूड होईल, आणि प्लॅनवाल्याने जो आकार काढलाय तो राहणार नाही. म्हणून पहिला नियम सांगतो, प्लॅनमध्ये शिसं असेल आणि तुम्हाला बीड करायचं असेल तर आकार स्वतः बदलू नका, प्लॅन काढणाऱ्यालाच विचारा. बऱ्याच डिझायनरकडे बिडाची वेगळी ड्रॉइंग तयार असते आणि नसली तरी तो चार पैसे घेऊन करून देतो, ते चार पैसे सगळ्या प्रोजेक्टमधले सगळ्यात स्वस्त असतात.

शिसं मला का आवडतं ते फक्त जडपणामुळे नाही. समुद्राच्या पाण्यात ते गंजत नाही, वर एक राखाडी थर धरतो आणि तिथेच थांबतो. आणि दगडावर आपटलं तर ते चेपतं. हे दुर्गुण वाटेल पण आपल्या किनाऱ्यावर हा गुण आहे, मालवणच्या बाजूला पाण्याखाली खडक कुठे आहे ते तिथल्या तांडेलालाच माहीत असतं. शिशाची कील खडकाला लागली तर धक्क्यातला बराचसा भाग शिसं स्वतः खातं, समोरच्या कडेला मुठीएवढा खड्डा पडतो, पुढच्या वेळी बोट वर घेतली की हातोडीने ठोकून आणि इपॉक्सी पुट्टी भरून नीट करायचा. बीड चेपत नाही, ते अख्खा धक्का तसाच वर बोटीच्या तळाला पोचवतं. मी दोन्ही बघितलंय, बिडाच्या कीलवर साधा ओरखडा आणि आत फ्लोअर, म्हणजे तळातल्या आडव्या तुळया, तडकलेले.

पण शुद्ध शिसं घेऊ नका, ते लोण्यासारखं मऊ, बोल्टभोवती हळूहळू बसत जातं. २ ते ४ टक्के अँटिमनी असलेलं घ्या, ३ टक्के सांगितलंत तरी चालेल, कडक होतं आणि ओतायलाही बरं. ते रजिस्टर्ड रिसायकलरकडून विटांच्या रूपात आणि टक्केवारीच्या कागदासकट घ्या. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, ॲसिड, सल्फेटची भुकटी आणि आर्सेनिकसारखी घाण त्यात असते, आणि २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांप्रमाणे ते घरी करायचं कामच नाही. गाडीच्या चाकाला लावायची जुनी वजनं काही जण गोळा करतात, त्यात हल्ली जस्ताची पण मिसळलेली असतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि जस्त ४२० च्या आसपास, त्यामुळे तापमान ४०० च्या खाली ठेवलं तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, झाऱ्याने काढता येतात, पण ६०० किलोसाठी हा उद्योग म्हणजे वेड लागायची पाळी.

आता ओतकाम, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण इथेच माणसं भाजतात. शिसं वितळवायला उष्णता फार लागत नाही, कागदावर ६०० किलोला एक किलो गॅससुद्धा पुरतो, पण उघड्या भट्टीत बहुतेक उष्णता हवेत जाते, आम्हाला एकदा तेवढ्यालाच १९ किलोच्या सिलिंडरमधला अर्ध्याहून जास्त गॅस लागला होता. त्रास उष्णतेचा नाही, ओलीचा आहे. साच्यात कुठेही ओल राहिली आणि त्यावर वितळलेलं शिसं पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ शिसं उडवते. माझ्या डाव्या हातावर कोपराच्या खाली तीन पांढरे डाग आहेत ते त्याचेच. साचा विटा-सिमेंटचा होता, आठ दिवस उन्हात सुकवलेला, मे महिना, आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली, आम्ही वर ताडपत्री टाकलेली म्हणून निर्धास्त. पाणी वरून नाही आलं, जमिनीतून चढलं. पहिली पळी ओतली तेव्हा काही झालं नाही, दुसरीला तळातून भुस्स असा आवाज आला आणि साचा थुंकला. मी नशीबवान, चष्मा होता, पूर्ण बाह्या मात्र नव्हत्या. तेव्हापासून साचा जमिनीवर नाही तर पत्र्याच्या आणि लोखंडी फ्रेमच्या वर, खाली हवा खेळती, आणि ओतायच्या दिवशी सकाळी आत निखारे ठेवून दोन-तीन तास भाजून घ्यायचा. ओतायच्या विटा पण आधी भट्टीच्या कडेला गरम करायच्या, थंड विटेवर दव असतं आणि ती भांड्यात टाकली की तोच प्रकार. एखादा बंद पाइपचा तुकडा भंगारात आला तर तो तर बॉम्बच समजा.

दुसरं, सगळं एका दमात ओतायचं. निम्मं ओतलं, चहा प्यायले, मग उरलेलं ओतलं तर दोन थर चिकटत नाहीत, मधे फट राहते, आणि बोल्टवर सगळा भार खालचा थर टांगून ठेवायचा येतो. म्हणून ६०० किलो एकाच वेळी मावेल असं भांडं, त्याला खालून तोटीचा पाइप, आणि त्या पाइपला वेगळा बर्नर, कारण पाइपातच शिसं गोठलं की सगळा खेळ तिथे संपतो. वर साच्यात शिसं थंड होताना आकसून खळगा पडतो, त्यासाठी २०-३० किलो बाजूला वितळलेलं ठेवायचं आणि वरून बर्नर मारत भरत राहायचं.

शिशाच्या धुराइतकीच त्याची भुकटी आणि राख वाईट. ५०० अंशाच्या वर नेलंत तर धूर सुटायला लागतो, तेवढं न्यायची गरजच नाही, थर्मामीटर ठेवा. भट्टीजवळ खाणं-पिणं बंद, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, लहान मुलं लांब. आणि हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं, शिशाच्या हातावर तंबाखू मळायची नाही. मदतीला आलेल्या माणसांना हे चार वेळा सांगा, ते हसतील, तरी सांगा. हे सगळं वाचून नको वाटत असेल तर उत्तम, ओतकाम करणाऱ्याला द्या, चांगला धुराडा आणि परवाना असलेला.

ओतल्यानंतरचं काम मात्र मजेचं आहे. शिसं सुताराच्या रंध्याने रंधता येतं, खरंच, तळाला मेण किंवा रॉकेल चोळायचं, पातं जरा कमी काढायचं आणि चांदीसारख्या गुंडाळ्या निघतात. इलेक्ट्रिक रंधा पण चालतो, मास्क घालून, आणि खाली ताडपत्री अंथरून, कारण ती गुंडाळी म्हणजे पैसे आहेत, परत वितळवता येतात. बोट कधी मोडली तरी शिशाचे पैसे बऱ्यापैकी परत येतात, हिशेबात हेही धरा.

बिडाकडे वळू. मी बिडाचा शत्रू नाही. जगातल्या कितीतरी क्रूझिंग बोटी बिडाच्या कीलवर चाळीस-पन्नास वर्षं फिरतायत. आणि आपल्याकडे त्याची सोय आहे, कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्याच फाउंड्र्या, पॅटर्न करणारे हात तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. तुम्ही लाकडाचा पॅटर्न नेऊन द्यायचा, तो मूळ मापापेक्षा मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा करावा लागतो कारण बीड थंड होताना आकसतं, १.८ मीटरच्या कीलला १८ मिलिमीटर. हे पॅटर्नवाल्याला माहीत असतं, त्याच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते, पण तुम्ही घरी पॅटर्न करून नेणार असाल तर त्याला स्पष्ट सांगा की आकस धरलाय की नाही, नाहीतर दोघांनीही धरला किंवा कोणीच धरला नाही असं होतं.

मला एकदा एका फाउंड्रीने कील दिली ती रंग मारून, दिसायला गुळगुळीत. वजन केलं तर सांगितल्यापेक्षा चाळीस किलो कमी. म्हटलं पॅटर्न लहान झाला असेल. सँडब्लास्टिंगला, म्हणजे रेतीच्या माऱ्याने साफ करायला, दिली तेव्हा रंगासकट पुट्टी उडाली आणि आतून ओतकामातली भोकं निघाली, एकात तर माझी करंगळी जात होती. तेव्हा नियम करून टाकला, कील रंगवलेली घ्यायची नाही, काळी कच्ची घ्यायची, तिथेच काट्यावर चढवायची, आणि हातोडीने ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, आवाज बद्द झाला की तिथे खडू.

बिडाचा खरा खर्च नंतर सुरू होतो. ब्लास्टिंग करून पांढरं स्वच्छ झालं की कोकणातल्या हवेत दोन-तीन तासांत त्यावर पिवळी झाक येते, म्हणून ब्लास्टिंगवाला आणि इपॉक्सी प्रायमर दोन्ही एकाच जागी, एकाच सकाळी, पावसाळ्याच्या आसपास तर नाहीच. प्रायमरचे चार-पाच हात, मग अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग. तांब्याचं अँटिफाउलिंग बिडाला थेट लागता कामा नये, मधे इपॉक्सीचा अखंड थर हवा, नाहीतर तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात भेटले की लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एवढं करूनही जिथे दगड घासेल तिथून गंज आत शिरणार आणि दरवर्षी आषाढात बोट वर शाकारून ठेवली असताना तुम्ही तारेचा ब्रश घेऊन तिच्याखाली बसलेले असणार. जुन्या बिडात अजून एक फसवा प्रकार होतो, लोखंड विरघळून जातं आणि आतला ग्राफाइट तसाच आकार धरून राहतो, वरून धड दिसतं आणि चाकूने खरवडलं तर पेन्सिलीच्या शिशासारखं निघतं. जुनी बोट विकत घेताना चाकू बरोबर ठेवा.

काँक्रीटबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या बोटीला ते चालणारच नाही. जिथे कील लांब, उथळ आणि पोकळ आहे, म्हणजे पोलादी किंवा फेरोसिमेंटच्या जड बोटी, तिथे प्लेटला भोकं पाडताना पडणाऱ्या लोखंडी चकत्या सिमेंटमध्ये गच्च भरतात आणि ते काम करतं, कारण जागा भरपूर असते. तुमच्यासारख्या खोल, पातळ फिनमध्ये मात्र ते ना खोल जातं ना आकारात मावतं. शिवाय चकत्यांना ओल लागली की गंज फुगतो, लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, आणि आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडे समुद्राजवळच्या इमारतींचे स्लॅब कसे सुटतात ते बघितलं असेल, तोच रोग. लाकडी किंवा प्लायवूडच्या बोटीत काँक्रीट ओतलेलं असेल तर त्याखालचं लाकूड कुजलंय की नाही हे कोणालाच दिसत नाही, मी एकदा छिन्नीने दोन दिवस खोदून काढलंय आणि खाली पठाणाच्या जागी ओला चहाचा चोथा होता.

शिशापेक्षा जड काही आहे का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आहे. फ्रान्सच्या एरिक ताबार्लीने १९७३ मध्ये पेन ड्यूक ६ या रेसबोटीला चक्क डिप्लीटेड युरेनियमची कील लावली होती, घनता १९ च्या आसपास, शिशाच्या साधारण १.७ पट. पुढे रेसिंगच्या नियमांनी शिशापेक्षा जड धातूच बंद केले आणि त्या बोटीलाही नंतर शिसं लावलं. टंगस्टन पण तेवढंच जड, भाव विचारू नका. पाण्याचं निरम, म्हणजे टाकीत समुद्राचं पाणी भरायचं, हे ट्रेलरवरच्या बोटींना बरं, रस्त्यावर रिकामी न्यायची, पण पाण्यात पाण्याचं वजन शून्य, बोट बरीच कलून टाकी वर उचलली जाईपर्यंत ते फारसं काही करत नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाही आणि जे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, बोल्ट. कील कशाचीही करा, ती बोटीला टांगलेली असते आणि टांगणारे ते पाच-सहा बोल्ट. बोट पूर्ण आडवी झाली असं धरा. ६०० किलो, त्याचा मध्य तळाच्या जोडापासून ०.६५ मीटर खाली, म्हणजे ३९० किलोग्रॅम-मीटर. फिनचा माथा १२० मिलिमीटर रुंद, बोल्ट मधोमध, कडेपासून ६० मिलिमीटर. भागा, साडेसहा हजार किलोची ओढ. १६ मिलिमीटरचा स्टेनलेस ३१६ चा एक चांगला बोल्ट साधारण ७ टनाला ताणला जाऊन कायमचा लांबतो. म्हणजे कागदावर एकच बोल्ट जेमतेम पुरतो आणि तुमच्याकडे सहा आहेत, मग कील पडतात कशा?

पडतात, कारण बोल्ट कागदावर नसतो. स्टेनलेसला चमकत राहायला हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि कील आणि तळाच्या मधल्या फटीत साचलेल्या पाण्यात तो नसतो, तिथे स्टेनलेस गुपचूप कोरलं जातं, वर नट आरशासारखा आणि खाली बोल्ट उंदराने कुरतडल्यासारखा. दुसरं म्हणजे बऱ्याचदा बोल्ट नाही, तो ज्याला धरतो ते सुटतं. २०१४ च्या मे महिन्यात चीकी रफीकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये उलटी सापडली, कील गायब, चारही जण गेले. ब्रिटनच्या चौकशीत जे पुढे आलं त्यात आधी कधीतरी तळ लागणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जोडलेली जागाच आतून कमजोर होत गेली असण्याची शक्यता होती. म्हणून शिशात बोल्ट ओताना त्याला खाली आकडा द्या, मी स्वतः सिलिकॉन ब्रॉन्झचे वापरतो, मिळाले तर, शिशाबरोबर त्यांचं चांगलं जमतं. बिडाला ब्रॉन्झ लावू नका, तिथे स्टेनलेस किंवा चांगले गॅल्व्हनाइझ केलेले. आत प्रत्येक बोल्टखाली वॉशर नाही, जाड प्लेट, आणि ती प्लेट आडव्या फ्लोअरवर टेकलेली. जोडात पॉलीयुरेथेन सीलंट भरपूर, कडेने बाहेर आला पाहिजे. आणि बोल्ट शिशात ओतलेले नसतील तर दर सात-आठ वर्षांनी एक काढून बघायचा, काढता येईल असाच ठेवायचा. याचं गणित नीट करायचं असेल तर आयएसओ १२२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ९ वा भाग याच विषयावर आहे, डिझायनरला विचारा की त्याने तो धरलाय का.

तर तुमच्या बोटीचं. शिशाची वीट बिडाच्या तयार ओतीव कीलच्या साधारण दुप्पट भावात पडते, भाव रोज हलतो तेव्हा आकडा देत नाही. पण बिडाला ब्लास्टिंग, प्रायमर, दर पावसाळ्याची मजुरी आणि वर डिझायनरकडून बदलून घ्यायचं ड्रॉइंग लावलं की पाच-सहा वर्षांत तो फरक बराच पुसला जातो. दाभोळच्या खाडीत तोंडावर वाळूचा पट्टा आहे, तुम्ही खोली वाढवू शकत नाही, आणि खोली बांधलेली असली की जड धातूची किंमत अजून वाढते. मी असतो तर शिसं केलं असतं, ओतायला बाहेर दिलं असतं, आणि पैसे कमी पडले तर इंजिन एक वर्ष उशिरा घेतलं असतं. गोव्यात दिवाडीवर म्हादई ही शिडाची बोट बांधली गेली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वी फिरून आले, त्यामुळे आपल्याकडे हे काम जमत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्या बाजूला विचारलंत तर कील ओतलेली माणसं भेटतील.

बीडच करायचं ठरलं तर डिझायनरचं बिडाचं ड्रॉइंग आल्याशिवाय कोल्हापूरची गाडी पकडू नका.

आणि काहीही ओतलंत तरी ठरलेल्या वजनापेक्षा ४०-५० किलो कमीच ओता. घरी बांधलेली बोट प्लॅनपेक्षा जड होतेच, इपॉक्सी जास्त लागतं, फर्निचर जाड होतं, बायको फ्रीज मागते. बोट पाण्यात टाका, डोलकाठी आणि शीड चढवा, टाक्या भरा, मग मागून आणि पुढून पाण्याची रेष कुठे आली ते बघा, आणि राहिलेलं शिसं छोट्या ५-५ किलोच्या विटा करून फ्लोअरच्या मधे, स्क्रूने घट्ट बांधून ठेवा, पुढे की मागे ते बोटच सांगेल. विटांना पकडायला तारेचा आकडा ओतून ठेवा, मी पहिल्यांदा ठेवला नव्हता आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, तेलकट पाण्यातून गुळगुळीत शिसं बाहेर काढताना नखं गेली.